हरलेल्या डावाचं काय करायचं?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की बुद्धिबळातले स्वतःचे हरलेले डाव जपून ठेवा, तर पत्रं अन् व्हॉट्सॲप मिळून एवढे प्रश्न आले की निम्मे अजून वाचायचेच राहिले. त्यातले चार घेतो. तिघांनी नाव छापू नका म्हटलं, म्हणून मग चौथ्याचंही छापलं नाही.

प्रश्न: सर, मी वरुड तालुक्यातला, वय २२, घरी संत्र्याचा बगीचा आहे. शेतीची लाईन रात्रपाळीची असली की मोटर लावून विहिरीवरच बसावं लागते, तेव्हा मी फोनवर पाच मिनिटांचे डाव खेळतो, कधी कधी एका रात्रीत पंचवीस होतात. वर्ष झालं, रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) ११५० ते १२०० च्या मधातच फिरून राहिलं. डाव संपला की मी ॲनालिसिस पण करतो, लाल खुणा पाहतो, कळते की चूक झाली, पण दुसऱ्या दिवशी तीच चूक. सहा डाव पाठवतो. पहिल्या डावात २३व्या चालीला हत्ती फुकट दिला तिथं हरलो, बाकी खेळ बरा होता. काय करू?

उत्तर: भाऊ, तुझे सहाही डाव मी पटावर लावून पाहिले, फोनवर नाही, लाकडी पटावर, त्यात माझा अख्खा रविवार गेला अन् घरचे बोलणे खाल्ले ते वेगळे. आता तू ऐकून घे.

तू लाल खुणा पाहतो म्हणतो ना, ते ॲनालिसिस नाही. ते म्हणजे परीक्षेचा पेपर हातात आला की फक्त मार्क पाहून दप्तरात कोंबायचा. इंजिनने, म्हणजे ॲपमधल्या डाव तपासणाऱ्या कॉम्प्युटरने, सांगितलं इथे घोडचूक, तू म्हटलं हो बाप्पा, अन् लगेच पुढचा डाव सुरू. त्या चालीच्या वेळी तुझ्या डोक्यात काय होतं हे इंजिनला माहीत नसते, ते फक्त तुलाच माहीत अन् तेही अर्धा तासच, सकाळी तर तू विसरतो.

आता तो पहिला डाव. तुझ्याकडे काळे. (बाकीच्यांसाठी: ई४ वगैरे म्हणजे पटावरची घरं, अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा.) ई४ ई५, घोडे निघाले, त्याचा उंट सी४वर, तू दुसरा घोडा एफ६वर काढला, अन् चौथ्या चालीला त्याचा घोडा जी५वर येऊन बसला. तू डी५ केलं, बरोबर केलं. त्याने प्याद्याने मारलं, तू पाचव्या चालीला घोड्याने परत मारलं. झालं, इथंच! पुढच्या चालीला त्याने एफ७वर घोडा टाकला, तू राजाने मारला, वजीर एफ३वर येऊन शह, अन् डी५चा घोडा वाचवायचा म्हणून तुझा राजा ई६वर, सगळ्या पटाच्या मधोमध, जशी पोळ्याला सजवलेली जोडी. नशीब समोरचाही तुझ्याच रेटिंगचा होता, त्याला पुढं काही सुधरलं नाही अन् अठराव्या चालीपर्यंत तू चक्क एक मोहरा वर होता. मग २३व्या चालीला हत्ती का गेला? घड्याळ पाहा. ॲपमध्ये प्रत्येक चालीला किती वेळ गेला ते दिसते, तू ते कधी उघडलंच नसेल. सातव्यापासून बाराव्यापर्यंत, सहा चालींत तुझे अडीच मिनिटं गेले, म्हणजे अर्धा वेळ राजा वाचवण्यात. २३व्या चालीला तुझ्याकडे एकोणीस सेकंद होते. एकोणीस सेकंदात हत्ती मीही दिला असता.

तुझ्याकडे संत्रा आहे पण कापूस तर लहानपणापासून पाहिला असशील. गुलाबी बोंडअळीचं बोंड वरून हिरवंगार, ठणठणीत दिसते, फोडलं की आत सगळी सरकी खाल्लेली. ते बोंड फोडलं त्या दिवशी खराब नाही झालं. तुझा हत्ती २३व्या चालीला गेला पण अळी पाचव्या चालीला आत शिरली होती. इंजिनचं लाल निशाण बोंड कुठे फुटलं ते दाखवते, अळी कधी शिरली हे तुलाच मागे मागे जाऊन शोधावं लागते. या डावात पाचव्या चालीलाही खूण होती, पण लहान, पिवळी, तू लालच्या नादात सोडून दिली.

अन् सहा डावांत हा जी५चा घोडा तीनदा आलेला आहे! तीनदा तू त्याच घोड्याने मारलं. पाचव्या चालीला डी५चं प्यादं तसंच सोडायचं अन् सी६चा घोडा ए५वर नेऊन उंटाला हुसकवायचं, एक प्यादं जाते पण तुझे मोहरे धडाधड निघतात अन् त्याचेच मागे मागे पळतात, ही फार जुनी, घासूनपुसून पाहिलेली वाट आहे. एवढी एक गोष्ट कळली तर तुझे महिन्याचे किती डाव वाचतील हिशेब कर.

मग करायचं काय, तर पंचवीस डाव बंद. रात्री दोन खेळ, पंधरा मिनिटांचे, चालीमागे दहा सेकंद वाढीव असलेले. डाव संपला की इंजिन सुरू करायच्या आधी मोटरचा आवाज ऐकत डाव पहिल्यापासून एकदा हाताने चालवून पाहा अन् जिथे तू अडला होता, जिथे घाबरला होता, जिथे "हा तर आता गेला" असं वाटून हुरळला होता, तिथे थांबून साध्या भाषेत लिही. शाळेची दोनशे पानी वही चालते. "मला वाटलं तो मारणार नाही." "उंट दिसलाच नाही." असं. मग इंजिन लाव. लिहिलेलं अन् इंजिनचं जिथे जुळत नाही तिथंच तुझं शिकणं आहे. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त पानांवर एकच वाक्य आहे, "लांबचा उंट मागे येऊ शकतो हे विसरलो." मोहरा मागे येणारी चाल आपल्या डोळ्याला दिसतच नाही, सगळ्यांचं ध्यान पुढेच असते. वही नसती तर मी आजही म्हणत राहिलो असतो की माझं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, कच्चं आहे, अन् ओपनिंगचे व्हिडिओ पाहत बसलो असतो, जसा तू पाहत असशील.

लिचेस नावाच्या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर आपल्या चुकांतून शिका असं एक बटण आहे, फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. ते तुझी चुकलेली जागा परत समोर ठेवते अन् म्हणते शोध बरं चांगली चाल. उत्तर पाहायची घाई नको करू, पाण्याची पाळी बदलून ये अन् मग परत पाहा.

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मुलगी ११ वर्षांची, दोन वर्षांपासून खेळते. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धा होती, शेवटच्या फेरीत जिंकलेला डाव हरली, एका चालीत मात होती ती दिसलीच नाही. बाहेर येऊन तिने स्कोअरशीट (चाली लिहायचा कागद) फाडली. येताना मोटरसायकलवर तिचे बाबा पूर्ण रस्ताभर "काहून दिसलं नाही तुले" म्हणत होते अन् ती रडत होती. मला बुद्धिबळ येत नाही. तिच्याकडून चुकांचा अभ्यास कसा करून घेऊ? जवळ कोच कोणी नाही, नागपूर लांब पडते.

उत्तर: ताई, पहिलं काम तिच्या बाबांचं. त्यांना माझ्याकडून सांगा, नोव्हेंबर २००६, जर्मनीतलं बॉन शहर, तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन क्रामनिक कॉम्प्युटरशी खेळत होता, डीप फ्रिट्झ नावाच्या, अन् दुसऱ्या डावात त्याला एका चालीतली मात दिसली नाही. त्याने शांतपणे वजीर उचलून दुसरीकडे ठेवला, कॉम्प्युटरने एच७वर वजीर आणून मात केली. वर्ल्ड चॅम्पियन, भर पत्रकारांसमोर. अकरा वर्षांच्या पोरीला मोटरसायकलवर काहून विचारून काय होणार! हरल्याच्या दिवशी काहीच विचारायचं नाही. रस्त्यात गरम भजे खाऊ घाला अन् घरी आणा. त्या दिवशी पट उघडला की मुलं शिकत नाहीत, फक्त आपली बाजू मांडतात.

फाडलेल्या शीटचं टेन्शन घेऊ नका. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी तिला म्हणा की तो डाव आठवून लावून दाखव. लहान मुलांना पूर्ण डाव पाठ असतो, आपल्याला उगाच वाटते की कसं आठवणार, अन् जिथे ती अडखळेल ना, जिथे म्हणेल "इथे काहीतरी केलं होतं", तिथंच बहुतेक तिचं लक्ष उडालं होतं. म्हणजे शीट फाडली त्याचाही थोडा फायदाच झाला समजा. पण पुढच्या वेळी फाडायची नाही, नियमाने ती आयोजकांची असते, मोठ्या स्पर्धांत कार्बन लावून दोन पानं देतात, वरचं त्यांना अन् खालचं आपल्याला.

आता तुम्हाला बुद्धिबळ येत नाही ही तर चांगली गोष्ट आहे, खरंच सांगतो. ज्या पालकाला थोडं थोडं येते तो सर्वात जास्त नुकसान करतो, (मी केलं आहे, माझ्या पोराने खेळणं सोडलं, जाऊ द्या.) तुम्ही समोर बसा अन् दर दोन चार चालींनी एकच विचारा, "त्याने हे काहून केलं असेल वं?" तिची चाल नाही, समोरच्याची. तुम्हाला येत नाही म्हणून तिला फोड करून सांगावं लागेल, घोडा इथे आला म्हणजे आता तो तिकडे मारणार, अन् सांगता सांगताच ती म्हणेल, अरे, हे तर मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. बॉटविनिक म्हणून रशियाचा मोठा खेळाडू होऊन गेला, १९४८ साली वर्ल्ड चॅम्पियन झाला, पेशाने इंजिनिअर, कारपोव्ह, कास्पारोव्ह अन् वर सांगितला तो क्रामनिक, तिघंही त्याच्या हाताखालून गेले. त्याचं म्हणणं होतं की आपल्या डावाचं विश्लेषण छापून लोकांपुढे ठेवा, म्हणजे दुसरे त्यातल्या चुका काढतील. आपण छापायचं कुठे, आईपुढे मांडलं तरी तेच.

स्पर्धेत जमलं तर अजून एक करायला लावा, डाव संपल्यावर समोरच्या मुलीसोबतच बाहेर बसून पाच दहा मिनिटं डाव परत लावायचा. याला सगळे पोस्टमॉर्टेम म्हणतात. समोरचीला काय दिसत होतं ते फुकटात कळते, अन् मुख्य म्हणजे रडू थांबते, दोघी हसायला लागतात.

अन् डाव चालू असताना शीटवर मनातलं काही लिहायचं नाही हे तिला नीट सांगून ठेवा. चाली, घड्याळावरची वेळ, ड्रॉची ऑफर, एवढंच चालते, नाहीतर आर्बिटर, म्हणजे पंच, टोकतो. चालही आधी खेळायची, मग लिहायची. वेळ मात्र जरूर लिहायची, दर पाच चालींनी लिहिली तरी घरी आल्यावर कळते की मात दिसली नाही तेव्हा तिने किती विचार केला होता. माझा अंदाज आहे पाच सेकंदही नाही. जिंकलेल्या डावात मुलं हात फार भरभर चालवतात.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला वर्ल्ड कप जिंकला, फायनलला समोर कोनेरू हम्पी, नेहमीचे दोन डाव ड्रॉ अन् मग रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत, निकाल, १९ वर्षांची पोरगी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक बापाला घरात दिव्या दिसायला लागली आहे. आनंद आहे, पण तुमच्या मुलीचं वय ११ आहे हे बाबांना आठवण करून देत जा.

प्रश्न: इंजिन +०.८ दाखवते, कधी -२.४, याचा नेमका अर्थ काय? अन् शिकताना इंजिन वापरावं की नाही? मित्र म्हणतात वर्ल्ड चॅम्पियन झालेला गुकेश वापरत नव्हता. (बारावी, ब्रह्मपुरी)

उत्तर: अधिक म्हणजे पांढरा बरा, उणे म्हणजे काळा बरा, अन् आकडा ढोबळमानाने प्याद्यांच्या हिशेबात. +०.८ म्हणजे पांढऱ्याकडे जवळपास एका प्याद्याएवढा फायदा आहे असं समज, मग प्रत्यक्षात प्यादं जास्त असो नसो. तुझ्या माझ्या लेव्हलला ०.३ चं ०.५ झालं म्हणून डोकं खाजवत बसायची काहीच गरज नाही. एका चालीत दीड दोनने उडी मारली असेल तिथेच थांब.

गुकेशचं खरं आहे, त्याचे कोच विष्णू प्रसन्ना यांनी त्याला सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनपासून लांब ठेवलं होतं. पण म्हणून इंजिन वाईट असं नाही, त्याच्यापाशी रोज सोबत बसणारा ग्रँडमास्टर कोच होता, तुझ्यापाशी नाही. इंजिन शेवटी लाव, एवढंच. अन् ते सांगते ती चाल पटली नाही तर मान हलवून पुढे नको जाऊ, तिथून तुझ्या मनातली चाल खेळ अन् इंजिनलाच समोर बसव, ते तुला कसं मारते ते पाहा. चार चालीत कळते.

प्रश्न: मी मेहकर तालुक्यातला शेतकरी, वय ६८. आम्ही पारावर देशी नियमाने खेळायचो, प्यादं एकेकच घर, राजाची एकदा अडीच घर उडी, बुर्जी वगैरे. आता नातू पुण्याहून सुट्टीत आला की त्याच्यासोबत नवीन नियमाने खेळतो अन् हरतो. तो हसते, म्हणते आजोबा तुमच्या जुन्या सवयीच तुम्हाला हरवतात. आम्ही कधी डाव लिहिले नाहीत, या वयात चुका कशा शोधू?

उत्तर: काकाजी, बुर्जी शब्द किती वर्षांनी ऐकला! समोरच्याचा नुसता राजा उरला की डाव बुर्जी, पूर्ण जिंकल्याचा मान नाही, म्हणून आमच्या गावात लोक समोरच्याचं एक प्यादं मुद्दाम जिवंत ठेवायचे.

लिहायचं सोपं आहे, नातवाकडून अर्ध्या तासात शिकून घ्या, पटाच्या काठावर अक्षरं अन् आकडे असतातच. तेवढंही नको असेल तर पूर्ण डाव लिहू नका, जिथे गाडी बिघडली तिथला नातवाच्या फोनमध्ये पटाचा फोटो काढून ठेवा, खाली लिहा चाल कोणाची होती. सकाळी चहा घेता घेता पाहा. तुमच्या केसमध्ये बहुतेक दोनच गोष्टी निघतील, एक म्हणजे त्याचं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं येऊ शकते हे ध्यानात राहत नसेल, अन् दुसरी म्हणजे कॅसलिंग (राजा अन् हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे नेणं) राहून जात असेल, कारण तुमचा राजा उडी मारून कोपरा गाठायचा.

पण जुन्या सवयी हरवतात म्हणणाऱ्या नातवासाठी माझा एक डाव सांगतो. तालुक्याच्या स्पर्धेत, मी तेव्हा कॉलेजात होतो, शेवटी पटावर तीनच मोहरे उरले. माझा पांढरा राजा ई४वर, माझं प्यादं ई२वर, अजून जागचं हललेलं नाही, अन् समोरचा काळा राजा ई६वर. चाल माझी. प्यादं वजीर झालं की जिंकलो. ते पटकन पळवायचं म्हणून मी राजा बाजूला घेतला, एफ४वर, तो आला एफ६वर, अन् मी ठोकलं प्यादं दोन घरं, ई४. त्याने राजा परत ई६वर माझ्या प्याद्यासमोर आणला अन् पुढे कितीही घासलं तरी हलेना, ड्रॉ. अर्ध्या गुणाने बक्षीस गेलं.

मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की आधी हत्तीची अदलाबदल केली तिथं चुकलं, नाहीतर जिंकलोच होतो. वहीतही तेच लिहिलं. दिवाळीत वडील ओसरीवर बसले होते, मी ते तीन मोहरे लावून त्यांना माझं दुःख सांगत होतो. त्यांना फक्त देशी खेळ माहीत. त्यांनी तंबाखू मळता मळता एका बोटाने ई२चं प्यादं एक घर पुढे सरकवलं, ई३वर, अन् म्हणाले, "आता त्याची चाल."

मी पाहतच राहिलो. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर मोकळं, अन् हलायची पाळी त्याची. काळा राजा डी६ला गेला की माझा एफ५ला घुसतो, एफ६ला गेला की माझा डी५ला, मागे हटला तर ई५ला, कसंही केलं तरी माझा राजा प्याद्याच्या पुढे रस्ता साफ करत जातो अन् प्यादं मागून येते. इंग्रजीत याला ऑपोझिशन म्हणतात, आपल्याकडे पारावर नाव नव्हतं पण हात जाणत होते. राजा एफ४वर नेल्यावरसुद्धा मी एकच घर ढकललं असतं तरी जिंकलो असतो. दोन घरं चालायची मुभा होती म्हणून चाललो, अन् राखीव ठेवायची एक चाल होती ती उडवून टाकली. वडिलांना ती मुभा माहीतच नव्हती.

आणि शेवटी राजे अन् प्यादी उरल्यावरचा हिशेब चुकणं काही तालुक्यापुरतं नाही. डिसेंबर २०२४, सिंगापूर, वर्ल्ड चॅम्पियनशिपचा चौदावा म्हणजे शेवटचा डाव, तेव्हाचा चॅम्पियन डिंग लिरेनने ५५व्या चालीला हत्ती एफ२वर ठेवून हत्तींची अदलाबदल होऊ दिली. त्याचा उंट ए८च्या कोपऱ्यात अडकलेला होता, गुकेशने लगेच उंटही मारामारीत काढला, उरले राजे अन् प्यादी, अन् गुकेशकडे एक प्यादं जास्त. तीन चालींनी डिंगने हात पुढे केला, अन् १८ वर्षांचा गुकेश चॅम्पियन.

नातू आला की हीच तीन मोहऱ्यांची पोझिशन लावा, पांढरे त्याला द्या, काळा राजा तुम्ही घ्या अन् म्हणा जिंकून दाखव. राजा बाजूला घेऊन दोन घरं ढकलायला गेला की तुम्ही गुपचूप ई६वर या. हसायचं मात्र ड्रॉ झाल्यावर, आधी हसलात तर त्याला कळून जाईल.